एक खोका पुरे!

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. शनिवारची सकाळ, दुसरा चहा संपलाय, कपडे मशीनमध्ये गरगर फिरताहेत आणि डोक्यात परवा रात्रीपासून एक यादी.

झालं असं. परवा रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला. पठ्ठ्या नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'दादा, हॉस्टेलवरचे आम्ही पाच जण एडीअँडडी सेकंड एडिशन खेळायचं म्हणतोय. एका सिनियरने काय काय घ्यायचं त्याची यादी दिलीय. बघून सांग ना.' आणि खाली यादी. मोजली. ४३ पुस्तकं. वर शीर्षक होतं, 'किमान वाचन'.

किमान! अरे, गेटच्या परीक्षेला पण इतकं लागत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून, तोंडाने खेळायचा खेळ. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या जगात काय करतात ते सांगतात. अडलं की फासा. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून हा खेळ काढला, तेव्हा खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या, बस्स. पुढे त्याचं 'अ‍ॅडव्हान्स्ड' भावंड आलं आणि त्याची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये, डेव्हिड 'झेब' कुकच्या देखरेखीखाली. तीच ही सेकंड एडिशन. माझ्या जन्माच्या आठ वर्षं आधीची. मी जन्मलो १९९७ मध्ये आणि त्याच वर्षी हा खेळ काढणारी टीएसआर कंपनी बुडता बुडता विझार्ड्स ऑफ द कोस्टला विकली गेली. माझा काही संबंध नाही, शपथ :)

आता कुणी विचारेल, आज पाचवी आवृत्ती चालू असताना हा जुना माल कशाला? प्रश्न रास्त आहे, पण आजचा विषय नाही. ज्यांना जुनी मोटारसायकल दुरुस्त करून चालवायची हौस असते त्यांना 'नवीन का नाही घेत' असं विचारू नये. थॅकोचं गणित उलटं आहे, चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, पहिल्या पातळीच्या जादूगाराला एकच मंत्र येतो आणि तो मांजरीच्या पंजाने मरू शकतो. हे सगळं माहीत असून आम्ही खेळतो. मुद्दा पुढचा आहे. नव्या माणसाने विचारलं की 'काय घेऊ?', तर जाणती माणसं उत्तर काय देतात?

ती स्वतःच्या कपाटाचा फोटो देतात!

माझं म्हणणं सरळ आहे आणि ते पटणार नाही अशी बरीच माणसं मला माहीत आहेत. सेकंड एडिशन खेळायला तीन मूळ पुस्तकं लागतात, एका सेटिंगचा एक खोका लागतो (पुठ्ठ्याचा. दुसरा अर्थ कुणी काढू नये) आणि फार तर दोन पातळ सप्लिमेंट्स. बाकीची यादी हा खेळायचा सल्ला नाही, गोळा करायचा सल्ला आहे. आणि हा सल्ला नवीन टेबलं मारतो. मी एक मरताना पाहिलंय. मारायला हातभारही लावलाय. ते पुढे सांगतो.

आधी ही पुस्तकं आली कुठून ते बघा. १९८९ चं प्लेयर्स हँडबुक उघडा. त्यात निम्म्या गोष्टींवर 'ऐच्छिक' असा शिक्का आहे. कौशल्यं ऐच्छिक, हत्याराचा वेग ऐच्छिक, ओझ्याचा हिशोब ऐच्छिक, मंत्राला लागणारं साहित्य ऐच्छिक. म्हणजे कुकसाहेबांनी मुळात बारीक अंगाचा खेळ दिला होता आणि वर 'हवं तर घ्या' म्हणून ताटात चटण्या वाढल्या होत्या. मग कंपनीच्या लक्षात आलं की डीएम एकच असतो, खेळाडू मात्र चार-पाच, आणि पुस्तकं खेळाडूंना विकली तर गिऱ्हाईक पाचपट. निघाली तपकिरी 'कम्प्लीट' मालिका. योद्ध्यासाठी एक, चोरासाठी एक, पुजाऱ्यासाठी, जादूगारासाठी, बुटक्यांसाठी, भाटांसाठी, अशी १९९५ पर्यंत पंधरा पुस्तकं. पंधरावं निन्जांसाठी. निन्जा!

त्यातलं एल्फ लोकांचं पुस्तक तर दंतकथा झालंय. एल्फ सगळ्याच बाबतीत सगळ्यांपेक्षा भारी आणि वर 'ब्लेडसिंगर' नावाचा प्रकार, जो घेतला की बाकीच्या चौघांनी घरी जावं. लेखक कॉलिन मॅकोम्ब यांनी पुढे त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. माणूस दिलदार. पण आमच्या यादीत ते पुस्तक सातव्या क्रमांकावर होतंच.

राक्षसांचं तर विचारूच नका. १९८९ मध्ये 'मॉन्स्ट्रस कम्पेंडियम' आलं ते फाइलमध्ये लावायच्या सुट्या पानांवर. कल्पना झकास. नवीन राक्षसांची पानं विकत घ्या आणि आपापल्या अक्षराच्या जागी लावा. फक्त एक बारीक घोळ, पानं दोन्ही बाजूंनी छापलेली! म्हणजे पुढे एक राक्षस, मागे दुसरा, आणि दोघांच्या मध्ये येणारा तिसरा आला की वर्णानुक्रम गेला उडत. कुणी टेस्टिंगच केलेलं नाही हे उघड आहे. शेवटी १९९३ मध्ये गपचूप सगळं एका जाड पुस्तकात आणलं, 'मॉन्स्ट्रस मॅन्युअल'. तेच घ्या. मूळ तीन पुस्तकांतलं तिसरं ते.

आणि १९९५-९६ ची 'प्लेयर्स ऑप्शन' मालिका. माझा खरा राग इथे आहे. त्यातल्या 'स्किल्स अँड पॉवर्स' या पुस्तकाने काय केलं, तर पात्राच्या सहा गुणांचे प्रत्येकी दोन तुकडे केले. ताकद म्हणजे आता 'दम' वेगळा आणि 'स्नायू' वेगळे. सहाचे झाले बारा. वर्गाच्या क्षमता गुण देऊन सुट्या विकत घ्यायच्या. वाचायला मजा येते, स्प्रेडशीट आवडणाऱ्या माझ्यासारख्याला तर फारच. आता आमच्या टेबलाची गोष्ट ऐका.

तीनेक वर्षांपूर्वी कोथरूडला एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही सहा जण जमायचं ठरवलं. डीएम मित्राकडे सेकंड एडिशनचं होतं नव्हतं ते सगळं. पाच जण आयटीतलेच, आणि सहावी एक मैत्रीण, व्यवसायाने टेस्टर, हा खेळ पहिल्यांदाच खेळणारी. ती येताना वही घेऊन आली होती. वहीत तिने पात्र लिहून आणलं होतं. एका नावाडणीची मुलगी, आईच्या मागे नाव चालवणारी, नदीपलीकडे कधीच न गेलेली. नियम एकही माहीत नाही, पण ही मुलगी कोण आहे ते तिला पक्कं माहीत होतं. डीएमला याहून जास्त काय हवं असतं हो?

आम्ही काय केलं? पहिला शनिवार गेला बारा उपगुणांचे आकडे मांडण्यात. तिला सांगितलं, नावाडी हवी असेल तर अमुक पुस्तकातला अमुक किट बघ, पण त्यात पोहणं महाग पडतं, त्यापेक्षा तमुक घे आणि उरलेल्या गुणांत डावा हात सुधार. मी स्वतः तिला अर्धा तास समजावलं की तू माणूस नको होऊस, एल्फ हो, ते पुस्तक मी वाचलंय. दुसरा शनिवारही तसाच. संध्याकाळी सातच्या सुमारास तिने वही मिटली आणि विचारलं, "मला नाव कधी चालवायला मिळणार?" डीएम म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की." ती पुढच्या वेळी आली नाही. कामं निघाली म्हणाली. नंतर आम्ही दोनदा बसलो, पण सहाजणांचे पाच झाले की चार व्हायला वेळ लागत नाही. चार शनिवारांत खेळ खल्लास. त्या चारही शनिवारांत मिळून एकदाही कुणी नदी ओलांडली नाही.

तिला मी अजून सॉरी म्हणालेलो नाही. हे वाचत असलीस तर... असो.

नोकरी करणाऱ्या माणसाकडे पंधरा दिवसांतून तीन तास असतात. त्यातही कुणाचा रिलीज, कुणाचं केळवण, कुणाच्या आईबाबांची ट्रेन. या तीन तासांत जे पुस्तक टेबलावर काहीतरी घडवून आणतं ते कामाचं, जे घडायच्या आधी अभ्यास मागतं ते निकामी. मी तरी सल्ला देताना आता हीच एक कसोटी लावतो. हॉस्टेलच्या पोरांकडे वेळ जास्त असतो म्हणाल, तर पैसे कमी असतात. छापील प्रत बाहेरून मागवायची तर टपाल आणि जकात धरून पुस्तकाइतकाच खर्च वर.

मग घ्यायचं काय?

मी भावाला सांगितलं, डार्क सन घे. पण १९९१ चा खोका. १९९५ चा 'सुधारित' नव्हे.

डार्क सन हे ट्रॉय डेनिंग आणि टिमोथी ब्राऊन यांचं जग, चित्रं ब्रॉम नावाच्या भन्नाट चित्रकाराची. जगाचं नाव अथास. सगळं वाळवंट. का वाळवंट, तर जादूमुळे. या जगात जादूची ताकद येते झाडझाडोऱ्यातून. जपून ओढली तर झाड वाचतं, ओरबाडून ओढली तर पायाखालची जमीन राख होते आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. ओरबाडणारा लवकर शिकतो, लवकर मोठा होतो. हजारो वर्षं मोठी माणसं ओरबाडत आली आणि आता उरलीत ती मूठभर शहरं, प्रत्येकावर एकेक जादूगार-राजा बसलेला. देव नाहीत. पुजारी आहेत ते माती-पाणी-वारा-अग्नीचे. धातू जवळपास नाहीच, म्हणून तलवारी हाडाच्या, लाकडाच्या, काळ्या काचदगडाच्या, आणि त्या ऐन वेळी मोडतात. नाणी मातीची, भाजलेली. एल्फ लोक इथे वाळवंटात धावणाऱ्या भटक्या टोळ्या, ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते गोंडस हाफलिंग इथे माणसं खातात. खोक्यातलं एक पुस्तक नियमांचं, एक एका प्रवाशाने लिहिलेलं वर्णन, दोन्ही शंभराच्या आत पानांची.

आता हे नुसतं वर्णन भारी आहे म्हणून मी सांगत नाहीये. सेकंड एडिशनची जी दुखणी आहेत ती या खोक्यात औषध होतात. पात्रं पटापट मरतात? डार्क सन म्हणतं, मरणारच. प्रत्येकाने सुरुवातीलाच चार पात्रं बनवून ठेवा, एक पडलं की दुसरं उचला. त्याला 'कॅरेक्टर ट्री' म्हणतात. पहिल्या पातळीचं पात्र फारच लेचंपेचं? इथे सुरुवातच तिसऱ्या पातळीपासून. गुण तीन सहापैलू फाशांवर टाकायचे असतात, इथे पाच चौपैलू टाका, आकडा पाचाच्या खाली जातच नाही आणि वर विसापर्यंत. सामानाचा हिशोब कंटाळवाणा? इथे पखालीत किती पाणी उरलंय हाच खेळ आहे. मूळ पुस्तकांत 'ऐच्छिक' म्हणून कोपऱ्यात बसलेला ओझ्याचा नियम इथे आल्यावर दात दाखवतो. बारा उपगुणांनी जे साधलं नाही ते एका कोरड्या विहिरीने साधतं.

या खोक्याला एक मोठी खोट आहे, तीही सांगतो. इथे प्रत्येक पात्राला थोडीफार मनःशक्ती असते आणि तिचे नियम खोक्यात पुरते नाहीत, त्यासाठी १९९१ चंच 'कम्प्लीट सायॉनिक्स हँडबुक' लागतं. एकावर एक फुकट सोडा, एकावर एक सक्तीचं. चिडचिड होते, पण माझ्या 'दोन सप्लिमेंट्स' पैकी एक इथे खर्च करा. दुसरं हवंच असेल तर 'ड्यून ट्रेडर', १९९२ चं, व्यापारी घराण्यांवरचं. वाळवंटात कुणाचं तरी सामान कुठून तरी कुठे तरी न्यायचंय, यासारखी सोपी सुरुवात नाही.

१९९५ चा सुधारित खोका का नको? कारण मधल्या काळात कंपनीने याच जगावर कादंबऱ्यांची एक पंचकडी काढली आणि तिच्यात कादंबरीच्या नायकांनी मोठमोठे खलनायक आधीच मारून टाकले. पहिल्याच कादंबरीत टायर शहराचा राजा कॅलॅक गेला. नव्या खोक्यात जग त्यानंतरचं. म्हणजे तुम्ही जेवायला बसलात आणि पाहुणे आधीच श्रीखंड संपवून गेलेत! ताट तेवढं चकचकीत आणि जरा मोठं.

ही खोड डार्क सनपुरती नाही. म्हणून माझा दुसरा नियम, कुठलंही जग घ्या, त्याचा पहिला खोका घ्या. पहिल्या खोक्यात प्रश्न असतात, पुढच्या पुस्तकांत कंपनीने काढलेली उत्तरं. प्लेनस्केप बघा. १९९४ चा खोका, पुन्हा झेब कुक, टोनी डिटर्लिझीची चित्रं. मधोमध सिगिल नावाचं शहर, टायरच्या आतल्या बाजूला वसवलेलं, त्यामुळे मान वर केली की डोक्यावर समोरची गल्ली दिसते. शहरातली कुठलीही कमान, खिडकी, पिंपाचं तोंड कुठल्या तरी दुसऱ्या विश्वाचं दार असू शकतं, किल्ली माहीत असली तर. शहर चालवणाऱ्या पंधरा संघटना, प्रत्येकीचं स्वतःचं तत्त्वज्ञान. एक गट म्हणतो आपण सगळे आधीच मेलोय. एक म्हणतो सगळे नियम पाठ केले की नियमांतल्या फटी सापडतात (आमच्या ऑफिसातले निम्मे आर्किटेक्ट या गटाचे सभासद आहेत). आणि पुरेशा लोकांनी मानलं की ते खरं होतं. इथे तलवारीपेक्षा वाद घालणं उपयोगी, आणि वाद घालायला मराठी माणसाला पुस्तक लागत नाही. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, 'फॅक्शन वॉर' नावाच्या साहसात कंपनीने या संघटनाच मोडीत काढल्या. यादीत ते होतं, ठळक अक्षरांत. ज्याने अजून सिगिलमध्ये पाऊल ठेवलं नाही त्याला सिगिल मोडायचं पुस्तक आधी घ्यायला लावणारा माणूस कसला जाणता?

प्लेनस्केपबरोबर एकच घ्या, 'इन द केज', शहराची माहितीपुस्तिका, १९९५. आणि 'प्लेनस्केप टॉर्मेंट' हा १९९९ चा कम्प्युटर गेम खेळला असेल तर निम्मं काम झालंय. माझा स्वतःचा या जगात प्रवेश त्याच दाराने झाला, पहिल्या नोकरीच्या बेंचवर.

पण दादा, आम्ही बाल्डर्स गेट थ्री खेळलोय, आम्हाला फरगॉटन रेल्म्सच हवं! हे अपेक्षितच होतं. २०२३ नंतर जो तो तिथूनच येतो. माझा विरोध त्या जगाला नाही, त्याच्या ढिगाला आहे. एड ग्रीनवुडचं हे जग सेकंड एडिशनच्या काळात इतकं लिहिलं गेलं की कुठल्या गल्लीत कुठली खानावळ बरी याच्याही मार्गदर्शिका निघाल्या. 'व्होलोज गाइड' म्हणतात त्यांना, आणि १९९२ मध्ये तर एक अख्खं काल्पनिक दुकानाचं कॅटलॉगच छापलं. मी ते झोपताना वाचतो. खरंच सांगतो, फार छान झोप लागते, वाईट अर्थाने नाही. वाचनाचा तो वेगळा छंद आहे आणि मी त्यातला आहे. पण टेबलावर काय होतं? डीएमने एक गाव सांगितलं की खेळाडू म्हणतो, तिथला सरदार तर अमुक, मी वाचलंय. झालं. डीएम आता जग सांगत नाही, तोंडी परीक्षा देतोय. तेव्हा रेल्म्स हवंच असेल तर १९८७ चा करडा खोका घ्या. सेकंड एडिशनच्या आधीचा आहे पण नियमांची अडचण येत नाही, आणि त्यात नकाशावर भरपूर जागा रिकामी आहे. पुढे १९८९ मध्ये देवांना जमिनीवर पाडून जगाची उलथापालथ केली, ती त्यात अजून झालेली नाही. त्या रिकाम्या जागेत तुमचं गाव बसवा. कुणाच्या बापाने ते वाचलेलं नसेल.

बाकीची जगं पटापट. अल-कादिम, जेफ ग्रब, १९९२. अरबी सुरस कथांचं जग, समुद्र, जिनी, नशीब. मराठीत या गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून आहेत, त्यामुळे बाटलीतला जिन्न म्हणजे काय हे टेबलावर कुणाला समजावावं लागत नाही. ही फार मोठी सोय आहे. यातला 'शाइर' हा जादूगार मंत्र पाठ करत नाही, आपल्या छोट्या जिनीला मंत्र आणायला पाठवतो, आणि तो कधी आणतो, कधी हात हलवत येतो. रिमोट सर्व्हरला रिक्वेस्ट टाकून बसणाऱ्या माणसांना हे लगेच कळतं. डार्क सनची निराशा नको असेल तर माझी दुसरी शिफारस हीच. बर्थराइट, १९९५, खेळाडू राजे असतात, तीन-तीन महिन्यांच्या चालीत राज्य चालवतात. इथे मला एक अपवाद करावा लागतो, कारण यात एकेका राज्यावर पातळ पुस्तिका आहेत आणि ती पुस्तिका त्या राज्याच्या खेळाडूच्याच हातात द्यायची. सप्लिमेंट असावं तर असं. पण हे जग नवख्यांचं नाही. रेव्हनलॉफ्टसाठी खोका पण नको, १९८३ चं मूळ ३२ पानी साहस घ्या, हिकमन पती-पत्नींचं. त्यात पत्ते पिसून ठरतं की वाड्यात महत्त्वाच्या वस्तू कुठे आहेत आणि खलनायकाला काय हवंय, म्हणजे तीच ३२ पानं दुसऱ्यांदा खेळता येतात. ड्रॅगनलान्समध्ये गोष्ट दुसऱ्यांची आहे, तुम्ही मागे मागे चालायचं. सोडून द्या.

आता एक नाजूक विषय. यादीत शेवटी शेरा होता, 'भारतीय कॅम्पेनसाठी लिजंड्स अँड लोअर आवश्यक'. त्याचा पूर्वज म्हणजे १९८० चं 'डीटीज अँड डेमिगॉड्स', ज्यात इंद्र, वरुण, यम वगैरेंना चिलखताचा आकडा आणि हिट पॉइंट्स दिलेत. काही जण यावरून चिडतात, काहींना अभिमान वाटतो. मला दोन्ही होत नाही. मला प्रश्न पडतो, इंद्राचे हिट पॉइंट्स किती हे टेबलावर कधी लागणार? आणि यांच्या अभ्यासाची खोली बघायची तर १९७७ चा 'राक्षस' बघा. वाघाचं डोकं, अंगात झब्बा, हातात चिलीम, आणि मरतो कशाने, तर मंत्रून दिलेल्या बाणाने, तोही क्रॉसबोचा. रामायण-महाभारतात शोधू नका, १९७४ च्या 'कोलचॅक' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागात शोधा, तिथे राक्षस असाच मरतो. सेकंड एडिशनमध्ये इतिहासावर सात हिरवी पुस्तकं निघाली, व्हायकिंग, शार्लमेन, केल्ट, एलिझाबेथकालीन युरोप, रोम, ग्रीस, क्रुसेड. भारत नाही. बरंच झालं म्हणतो मी. डार्क सनमध्ये राम नावाचं एक शहर आहे (रामाशी संबंध नाही, इंग्रजीत दोनदा ए), तिथे जातव्यवस्था आहे, स्वतःला वजीर म्हणवून घेणारी राणी एका बनावट देवाच्या नावाने राज्य करते आणि पोलिसांना मनसबदार म्हणतात. ते मनसबदार भ्रष्ट आहेत. गंमत म्हणून हे मला त्या सगळ्या देवांच्या आकड्यांपेक्षा जास्त ओळखीचं वाटतं.

यावर जाणत्यांचं एक उत्तर ठरलेलं असतं, 'सगळं वापरायलाच हवं असं कुठे म्हटलंय? जे आवडेल ते उचला.' ऐकायला उदार वाटतं. पण उचलायला आधी वाचायला लागतं, आणि नवख्या डीएमला कुठलं वगळायचं हेच तर कळत नसतं. वीस वर्षं खेळलेला माणूस एल्फच्या पुस्तकातलं एक पान घेतो आणि उरलेलं फेकतो. नवखा सगळं घेतो, कारण छापलंय म्हणजे खरं. प्रॉडक्शनला कुठल्या लायब्ररी टाकायच्या हे आपण फ्रेशरला 'आवडेल ते उचल' म्हणून सांगतो का? सांगतो आणि मग रविवारी रात्री दोन वाजता फोन उचलतो.

आणि एवढं सगळं छापून त्या कंपनीचं तरी भलं झालं का? दहाएक जगं, प्रत्येकाचा वेगळा गिऱ्हाईक, डार्क सनवाला रेव्हनलॉफ्ट घेणार नाही आणि रेव्हनलॉफ्टवाला बर्थराइटला हात लावणार नाही. त्यात दुकानांतून परत आलेल्या कादंबऱ्यांचे गठ्ठे आणि 'ड्रॅगन डाइस' नावाच्या फाशांचं बेसुमार उत्पादन. १९९७ उजाडलं तेव्हा डोक्यावर तीन कोटी डॉलरच्या वर कर्ज होतं. फक्त सप्लिमेंट्समुळे बुडाली असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण ज्या ढिगाखाली ती दबली, तोच ढीग नाशिकच्या हॉस्टेलवर पाच पोरांच्या डोक्यावर 'किमान' म्हणून ठेवायचा?

तर भावाला मी काल उत्तर पाठवलं. हँडबुक, डीएमचं गाइड, मॉन्स्ट्रस मॅन्युअल, १९९१ चा डार्क सन आणि मनःशक्तीचं पुस्तक. अधिकृत पीडीएफ मिळतात, पाच जणांत वर्गणी काढा, एक नकाशा छापून घ्या, बास. ऐच्छिक नियम सगळे बंद, फक्त ओझं आणि पाणी चालू. पात्रं बनवायला एक तास, घड्याळ लावून. कुणी वहीत काही लिहून आणलं असेल तर ते सगळ्यात आधी ऐका, नियम नंतर बघू. आणि पहिल्याच संध्याकाळी, जेवायच्या आधी, काहीतरी घडलं पाहिजे. तांडा लुटला गेलाय, पखाली फुटल्यात, जवळचं शहर तीन दिवसांवर. इथून सुरू.

पोराने वाचलं आणि लिहिलं, 'पण दादा, सिनियर चिडेल ना.' म्हटलं, त्याला खेळायला बोलव. सहावी खुर्ची रिकामी आहे तुमची.

आज सकाळी उठतोय तर पुन्हा मेसेज. रात्री तीन वाजताचा. बसले होते म्हणे काल, पीडीएफ सगळ्या यायच्या आधीच, नुसतं हँडबुक आणि माझ्या मेसेजवर. 'दादा, थ्री-क्रीन म्हणजे तो टोळासारखा माणूस ना, त्याला पाणी कमी लागतं असं ऐकलं. मग त्याच्या वाटणीचं पाणी बाकीच्यांना देता येतं का? की तो विकू शकतो? इथे भांडण झालंय.'

विकू शकतो, अर्थात. मी लिहिलं, 'त्याला विचार, तो किती मागतोय?' अजून उत्तर आलेलं नाही. झोपले असतील.